पेटी कुणाची? आत बघा!

जुनी पेटी (हार्मोनियम हो, पण आमच्याकडे पेटीच म्हणतात) वरून बघून ओळखता येत नाही. पॉलिश नवं करता येतं, पितळी नावपट्टी कुणीही ठोकू शकतं. खरी माहिती आत असते. सध्या माझे वीकेंड यातच चाललेत, म्हणून म्हटलं लिहून काढावं.

आधी ढोबळ प्रकार. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेननं १८४२ साली पेटंट घेतलं ते वाद्य पायपेटीच्या जातीचं. भाता पायानं, दोन्ही हात मोकळे. संगीत नाटकांना ही फार सोयीची. आपण मांडी घालून बसणारी माणसं, त्यामुळे पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्यांनी हातपेटी रुळवली. मग पट्ट्या मोजा. ३७ म्हणजे तीन सप्तकं, ३९ म्हणजे सव्वातीन, ४२ म्हणजे साडेतीन. मग सुरांच्या ओळी: एकेरी, दुहेरी (खर्ज-नर), तिहेरी. कपलर आहे का? अख्खा कीबोर्ड बाजूला सरकतो का? सरकत असेल तर स्केल चेंजर. नागपूरच्या पं. मनोहर चिमोटेंनी तर पेटीला स्वरमंडळच जोडलं आणि तिला संवादिनी म्हटलं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत ट्यूनिंगमध्ये.

आजच्या स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सप्तकाचे १२ सारखे भाग, प्रत्येक १०० सेंटचा. त्यात शुद्ध गंधार सा पासून ४०० वर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ वर असतो. कानाला खटकणारा फरक तो हाच. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे मींड निघत नाही या तक्रारीबरोबर हीही तक्रार होती. यावर जुन्या कारागिरांचा उपाय म्हणजे गंधार ट्यूनिंग. गायकाचा सा विचारायचा आणि बाकीचे सूर त्याच्याशी जुळवून घासायचे. अशी पेटी त्या एकाच पट्टीत गोड लागते.

आता बल्लारपूर. आजोबांची पेटी मामाकडे पडून होती. सागाची, ३९ पट्ट्यांची, खर्ज-नर, नावपट्टी गायब. (सागाचं काय कौतुक म्हणा. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला साग गेला तो आमच्याच गावातून!) आजोबा भजनी मंडळात गायचे. मामा म्हणाला, "काहून ठेवतं बाप्पा हे? एक्सचेंजमध्ये देऊन टाकू, पोरीले कीबोर्ड येऊन जाईल." दुकानदार म्हणाला, ठेवायचीच असेल तर सगळे सूर घासून स्टँडर्ड करून देतो.

रीडचं असं आहे, की टोकाकडे घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही. अनडू नाही :)

म्हणून आधी मोजायचं ठरवलं. मोबाईलवर ट्यूनर, एकेक पट्टी, सगळी रीडिंग्ज एक्सेलमध्ये. मग बाराही सुरांना आळीपाळीनं सा धरून बघितलं. अकरा वेळा नुसता गोंधळ. काळी एकला सा धरलं आणि चित्र स्वच्छ झालं. गंधार १४, धैवत १६, निषाद १२ सेंटच्या आसपास उतरलेले, आणि तेही तिन्ही सप्तकांत. जुनेपणामुळे सूर हलतात, पण असे शिस्तीत हलत नाहीत. हे कुणीतरी कानानं लावलेलं होतं.

आजोबांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. ते कोणत्या पट्टीत गायचे, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. मामाला म्हटलं, काळी एक. त्यानं पट्टी दाबली, भाता मारत राहिला, काही बोलला नाही. मग म्हणाला, "राहू दे. कीबोर्डचं बघू मंग."

भात्याची गळती तेवढी काढून घेतोय. सुरांना हात लावू दिलेला नाही.

तुमच्याकडे माळ्यावर अशी पेटी असेल तर विकण्याआधी, घासण्याआधी एकदा मोजा. एक दुपार पुरते.