पाठीचें माप

पाठ ही शाबासकी घेण्यासाठीं असते, ओझें वाहण्यासाठीं नव्हे, अशी आमची लहानपणापासून समजूत होती. शाबासकी वाट्यास फारशी आली नाहीं हें खरें. पण ओझेंही न आल्यामुळें एकंदर हिशेब बरोबरींत सुटला असें आम्ही समजत होतों. ही समजूत गेल्या मार्गशीर्षांत, यवतमाळ आणि कळंब यांच्यामधल्या एका पऱ्हाटीच्या शेताच्या बांधावर, कायमची मोडली. ती कशी मोडली हें सांगतां सांगतां, डोंगर चढूं इच्छिणाऱ्या वाचकांस पाठीवरची सॅक कशी निवडावी याचीही थोडीबहुत माहिती मिळेल, अशी आम्हांस आशा आहे.

झालें तें असें. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजिवांनीं आम्हांस कळसूबाईस नेण्याचें योजिलें. 1646 मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. आणि आमचा उंचीचा अनुभव म्हणजे माळ्यावरून पापडाचा डबा काढणें. तेव्हां तयारी करणें प्राप्त होतें, आणि तयारी म्हणजे खरेदी, हा समज सर्व पिढ्यांत सारखाच आढळतो. आम्ही दुकानांत गेलों. "किती दिवसांसाठीं?" असें न विचारतां दुकानदारानें "किती लिटरची?" असें विचारलें. दूध आणि घासलेट यांखेरीज लिटरांत मोजण्याजोगें आम्हीं आजवर कांहीं विकत घेतलें नव्हतें. मोठें तें चांगलें, या न्यायानें आम्हीं साठ लिटरची सॅक घेतली. रंग मोरपंखी, खिसे अकरा, आणि जागोजागीं लोंबणारे पट्टे इतके कीं, ते कशासाठीं आहेत हें विचारण्याचा धीर झाला नाहीं.

आतां सरावासाठीं जावें कोठें? टिपेश्वरचें नांव प्रथम निघालें. परंतु सुमारे 148 चौरस किलोमीटरांचें तें अभयारण्य वाघांचें आहे आणि तेथें पायीं भटकण्यास मुभा नाहीं. म्हणून चिंतामणीचें कळंब ठरलें. यवतमाळहून वीस-बावीस किलोमीटर, आणि वाट पठारावरून खालीं उतरणारी. एका दिवसाच्या या चालीसाठीं दशम्या, चटणी आणि पाणी पुरेसें होतें. परंतु रिकामी जागा मनुष्यास पाहवत नाहीं. सॅकेंत जागा आहे म्हणून चादर आली, स्वेटर आला, छत्री, विजेरी, औषधांचा डबा, जाडजूड दोरी, आणि वाटेंत वेळ मिळाल्यास वाचावा म्हणून एक दिवाळी अंकही आला. पाण्याच्या चार बाटल्या बाहेरच्या खिशांत बसविल्या. घरांतल्या वजनकाट्यानें सतरा किलो दाखविले. आम्हीं तें अभिमानानें सर्वांस सांगितलें.

पहिल्या तासांत अभिमान गेला, दुसऱ्यांत खांदे गेले. पट्टे मांसांत रुतत होते. मागच्या बाटल्या आम्हांस मागें ओढीत होत्या आणि पडूं नये म्हणून आम्ही पुढें वांकत होतों. अशा स्थितींत एका बांधावर आम्ही सॅकेसकट बसलों, आणि बसल्यावर उठतां येईना. शेतांत वेचणी चालली होती. कमरेला कापडाची ओटी बांधून पांच-सहा बायका दोन्ही हातांनीं कापूस वेचीत होत्या. त्यांतली एक वयस्क बाई जवळ आली. तिच्या ओटींत बराच कापूस असावा. पण ती ताठ उभी होती आणि आम्ही वांकलेले होतों.

"भाऊ, वझं मानंवर कायले घेता? कमरीले बांधा नं," ती म्हणाली. मग लोंबणाऱ्या दोन रुंद पट्ट्यांकडे बोट दाखवून, "हा पट्टा कायले असा मोकया ठेवला?"

आम्हीं पट्टे कमरेच्या हाडांवर आणून आवळले. सतरा किलो सतराच राहिले, पण खांद्यांवरचा बराचसा भार कमरेनें उचलला. आम्हांस उठतां आलें. कौतुकानें आम्हीं विचारलें, "तुमच्या ओटींत मावतो तरी किती?"

"मावते तेवढा नाई घेत आमी, भाऊ. चालता आलं पायजे, तेवढा घेतो."

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अधिक भरलें तर अधिक पैसे, असा जिचा रोजचा मोह, तिनें हें उत्तर द्यावें, आणि ज्यास कसलीही गरज नाहीं त्यानें दिवाळी अंक पाठीवर घेऊन हिंडावें, याची आम्हांस मनांतून लाज वाटली. कळंबास जमिनीखालच्या पातळींत असलेल्या चिंतामणीचें दर्शन पायऱ्या उतरून घेतलें. सायंकाळीं एस. टी. नें परततांना वेचणीहून घरीं जाणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेनें दिसल्या. कापूस मोजून दिल्यानें कमरा मोकळ्या झाल्या होत्या. पण बहुतेकींच्या डोक्यांवर सरपणाच्या मोळ्या होत्या.

घरीं आल्यावर आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. ओझें वाहण्याची विद्या फार जुनी आहे. 1991 सालीं आल्प्स पर्वतांत, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, सुमारे 5300 वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें शरीर बर्फांत सांपडलें. त्याच्या सामानांत वांकविलेल्या लांकडाची एक चौकट होती. ती पाठीवर ओझें वाहण्याची असावी असें तज्ज्ञ मानतात. आपल्याकडील पडशी पुढें-मागें सारखा भार टाकून खांदा सांभाळते. आणि आमच्या पुसद भागांत ज्यांचे तांडे आजही आहेत त्या बंजाऱ्यांचे पूर्वज बैलाच्या दोन्ही अंगांस सारख्या गोण्या लादून मीठ आणि धान्य देशभर नेत असत. कॅलिफोर्नियांतील डिक केल्टी यांनीं 1952 सालीं अल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकण्यास आरंभ केला. शिवणकामांत त्यांच्या पत्नीचा हात असे. चौकटीचीं खालचीं टोकें विजारीच्या मागल्या खिशांत खोंवलीं असतां भार कमरेवर उतरतो, या अनुभवांतून कंबरपट्ट्याची कल्पना निघाली, असें सांगतात. जें त्यांना खिशावरून सुचलें तें वेचणाऱ्या बायकांस ओटीवरून ठाऊक होतें.

नंतर सौभाग्यवतींनीं शिवणाच्या टेपेनें आमच्या पाठीचें माप घेतलें. मान खालीं घातली असतां जो मणका उठून दिसतो तेथून आरंभ करावा. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या माथ्यावर ठेवून आंगठे मागें वळवावे, आणि त्यांच्यामधल्या रेषेवर टेप थांबवावी. आमचें माप 44 सेंटिमीटर भरलें. मोरपंखी सॅक आमच्याहून पुष्कळ लांब पाठीची होती. पट्टा वेळींच बांधला असता तरी ती नीट बसली नसती. मनुष्याची उंची आणि पाठीची लांबी यांचा मेळ असतोच असें नाहीं, म्हणून माप घेतल्यावांचून सॅक घेऊं नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही पांच किलो तूरडाळ बरोबर घेऊन दुकानांत गेलों. रिकामी सॅक सर्वांसच शोभते. ती पारखावयाची तर वजन घालून. प्रथम कंबरपट्टा हाडांवर आवळावा, मग खांद्याचे पट्टे ओढावे, शेवटीं छातीचा; आणि तशा स्थितींत दहा-पंधरा मिनिटें फिरावें. दुकानदार हंसला तरी फिरावें. एका दिवसासाठीं वीस ते तीस लिटर पुरे होतात, दोन-तीन मुक्कामांस चाळीस ते पन्नास. भरलेल्या सॅकेचें वजन आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें, आणि एका दिवसाच्या चालीस त्याहून पुष्कळ कमी. पाणी व इतर जड जिन्नस पाठीस लागून मध्यावर ठेवावे, पांघरूण तळाशीं. आमच्या वऱ्हाडच्या उन्हांत पाठीशीं वारा खेळेल अशी जाळी हवी. पावसासाठीं बाहेरचें आच्छादन असतेंच. पण आंत प्लॅस्टिकची एक जाड पिशवी असली म्हणजे कपडे खात्रीनें कोरडे राहतात. आम्हीं अठ्ठावीस लिटरची सॅक घेतली. खिसे तीन. मोरपंखी सॅकेंत आतां माळ्यावर दुलया राहतात.

पुढच्या महिन्यांत कळसूबाई झाली. पाठीवर सहा किलो होते. लोखंडी शिड्या चढतांना कंबरपट्टा दोनदां तपासला, आणि दोन्ही वेळां त्या बांधाची आठवण झाली. शिखरावर चिरंजिवांनीं शाबासकी देण्यासाठीं आमच्या पाठीवर थाप मारली. ती सॅकेवर बसली. आम्हीं तक्रार केली नाहीं. जिची ती होती ती बाई त्या वेळीं कळंबच्या वाटेवर शेवटची वेचणी करीत असेल.