माजलंय
साध्या चालीला घोडं सरळ. दुडकीतून दौडीवर घ्यायला टाच मारली, की कान मागं, शेपटी फटाफट, मागचे पाय झाडायचं. मालक म्हणाला, "माजलंय. चाबूक लाव."

हा शब्द माझ्या ओळखीचा. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाला, तेव्हा बापाला गावानं हाच लावला होता.

मी तबेल्यात मोतद्दार. लीद काढायची, खरारा करायचा, बसायचं गिऱ्हाइकानं. खोगीर उतरवून पाठीवरनं बोटं दाबत गेलो. मानेच्या बुडाशी, खोगिराची कमान बसते तिथं, घोडं थरारलं. काळ्या अंगावर तेवढेच केस पांढरे. खोगीर अरुंद होतं, वर्षानुवर्षं रुतत होतं.

दुडकीत पाय तिरप्या जोडीनं पडतात, दोन ठोके. दौडीत तीन, आणि पहिला ठोका एकट्या मागच्या पायाचा. सगळा भार त्याच्यावर. त्यासाठी पाठ उचलून मागचं अंग पोटाखाली घ्यावं लागतं. पाठ उचलली की खोगीर चावणार. वर बसलेला टाचेनं पुढं हाकणार आणि लगामानं मागं ओढणार. जनावरानं ऐकायचं कुणाचं? (कधी दात दुखतो, कधी खूर, कधी इशाराच कळलेला नसतो. ते सगळं बघावं लागतं.)

खोगिराशिवाय लांब दोरावर गोल फिरवलं. दोन फेऱ्यांत आपसूक दौडीवर आलं.

मालकाला सांगितलं. म्हणाला, "तू मला घोडं शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी तेच खोगीर माझ्या हातात दिलं. मी ते खाली ठेवलं.