सत्तावीसशे सेकंद मागे

बी. ए.चा विद्यार्थी आणि डेटाबेसचा सर्व्हर, यांचे नाते काय, असे आमच्या मराठीच्या सरांनी विचारले होते. नाते पोटाचे आहे, सर! दिवसा कॉलेज आणि रात्री, दूध संकलन केंद्रांचे हिशेब ठेवणाऱ्या एका खाजगी कचेरीत पडद्यापुढे बसणे, असा माझा क्रम गेल्या जूनपासून चालू आहे. पडद्यावर एक आकडा असतो. तो शून्याजवळ असला की मी इतिहासाच्या नोट्स वाचतो. वाढला की इंजिनिअरसाहेबांना फोन करतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून आई गावभर सांगते, पोरगा कंप्युटर चालवतो. चालवत नाही; राखण करतो.

कचेरीत सर्व्हर दोन. केंद्रांवरून येणारे लिटर, फॅट, उचल, पगार हे सारे मुख्य सर्व्हरवर नोंदले जाते. दुसरा त्याची प्रत, म्हणजे रेप्लिका. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल एका वहीत टिपतो. रेप्लिकेतला एक गडी ती वही उतरवून आणतो, दुसरा तिच्यातल्या नोंदी क्रमाने खात्यांवर चढवतो. केंद्रांवरचे कारकून खाती पाहतात ती रेप्लिकेवर, कारण मुख्य सर्व्हरवर भार नको. ती किती सेकंद मागे आहे, हा माझा आकडा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये या जोडीला पूर्वी ‘मालक’ आणि ‘गुलाम’ अशा अर्थाची नावे होती. २०२० मध्ये ती बदलायचे ठरले. आमची आवृत्ती ५.७, जुनी. तिच्यात गुलाम अजून गुलामच आहे.

दहा दिवसांच्या दूध-पगाराची रात्र होती. साडेनऊला आकडा हलला आणि दर सेकंदाला बरोबर एकाने वाढू लागला. सव्वादहाला सत्तावीसशे! पहाटे केंद्रे उघडली की कारकुनांना शिळी खाती दिसणार; काल घेतलेली उचल दिसणार नाही, दुसरी दिली जाणार, आणि पुढच्या पगारात दोन्ही कापल्या जाणार. माझे वडीलही अशाच एका केंद्रावर दूध घालतात. रिकामा पगार घरी आला की चूल कशी पेटते, ते मला पुस्तकात वाचावे लागत नाही.

साहेबांनी फोनवर पहिला प्रश्न केला, “वही येतेय का?” येत होती. म्हणजे तारेचा दोष नाही. “चढवतोय कुठपर्यंत?” तो आकडा एकाच जागी खिळलेला. आठ कोअरपैकी एक पूर्ण राबत होता, बाकीचे सात स्वस्थ. म्हणजे चढवणारा गडी एकाच कामात अडकला होता.

ते काम म्हणजे कपातीचा तक्ता. कोणीतरी घाईत बनवलेला, प्रायमरी कीशिवाय. मुख्य सर्व्हरने एकाच हुकमात तो एकदा वाचून लाखभर ओळी बदलल्या. पण वहीत हुकूम जात नाही, बदललेली प्रत्येक ओळ जाते. रेप्लिकेने ती ओळ शोधायची कशी? रोल नंबर नसलेल्या हजेरीपटात एकेका मुलासाठी पहिल्या पानापासून बोट फिरवायचे, तसे लाख वेळा!

मला वाटले, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा. साहेब म्हणाले, “नको. अर्धे झालेले काम उलटवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करील.” त्यांनी रात्रीच उचलीचा पडदा मुख्य सर्व्हरकडे वळवला आणि रेप्लिकेला आपल्या चालीने चालू दिले. ती दुसऱ्या दिवशी दुपारी शून्यावर आली. तेव्हा मी अर्थशास्त्राच्या तासाला होतो.

कचेरीत मात्र चर्चा मोठा सर्व्हर घेण्याची! मागे पडलेला दिसला की त्याची कुवत काढायची, त्याच्यापुढे काम कसे टाकले ते पाहायचे नाही, ही सवय मी बारावीपर्यंत वर्गातही पाहिली आहे. साहेबांनी तक्त्याला प्रायमरी की घातली. पुढच्या पगाराला आकडा नऊपर्यंत चढला आणि उतरला.

त्या शून्यावरही साहेबांचा पुरता विश्वास नाही. वहीच हळू येत असेल, तर आलेले सारे चढवून मोकळा झालेला गडी शून्यच दाखवतो. म्हणून आता मुख्य सर्व्हर दर सेकंदाला एका तक्त्यात वेळ लिहितो आणि रेप्लिकेवर पोचलेली ती वेळ मी घड्याळाशी ताडून पाहतो. इतिहासाच्या नोट्स त्यामुळे मागे पडल्या आहेत. परीक्षा एप्रिलमध्ये आहे.