रात्रीं नवाचें चक्र

शनिवारीं रात्रीं नऊ वाजले, कीं आमच्या मातोश्री चष्मा पुसून मोबाइलसमोर बसत. बोस्टनला तेव्हां सकाळचे साडेअकरा वाजलेले असत आणि आमचे धाकटे बंधु मुलाला मांडीवर घेऊन पडद्यावर येत. गेल्या उन्हाळ्यांत मात्र ते बोलूं लागले, कीं तोंड उघडें तें उघडेंच राहावें, आवाज तुटक यावा, आणि शेवटीं नुसतें एक चक्र फिरत राहावें! मातोश्री त्या चक्राकडे पाहत मुकाट्यानें बसून राहत. तें आम्हांला बघवेना.

घरांत माणसें अकरा. संशय अर्थातच पुतण्यावर गेला. तो आंतल्या खोलींत क्रिकेट पाहत होता. आम्ही त्याला चारचौघांदेखत बोललों. बिचारा सामना बंद करून उठून गेला. चक्र फिरतच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं त्यानेंच घरांतील सारीं उपकरणें बंद करून, राउटरला तार जोडून वेग मोजला. पहाटे सहाला शंभर मेगाबिटांपैकीं पंचाण्णव, रात्रीं नवाला अकरा! दोष घरांत नव्हता, घराबाहेर होता.

आम्हांला महालांतील जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब आठवला. एरवीं तो पंधरा माणसांना पुरत असे, कारण कोणी पांचाला स्नान करी, कोणी नवाला. नरकचतुर्दशीला मात्र सर्वांनाच सूर्योदयापूर्वीं अभ्यंग हवें. मग शेवटच्याच्या वांट्याला कोमट पाणी! इंटरनेटची कंपनीहि असाच बंब तापविते. प्रकाशतंतूची एक वाट बहुधा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागलेली असते, आणि तिच्या पलीकडचा मुख्य मार्ग त्याहूनहि अधिक घरांचा सामाईक. २००९ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें घरगुती ग्राहकांसाठीं पन्नासास एक हें प्रमाण सांगितलें होतें. म्हणजे पन्नासहि घरें एकदम नळ सोडूं लागलीं, तर शंभरांतले दोनच मेगाबिट प्रत्येकाच्या पदरीं! हा हिशेब लबाडीचा नव्हे. डेन्मार्कच्या एर्लांग नांवाच्या गणितज्ञानें १९०९ सालींच टेलिफोनाविषयीं असला विचार मांडला होता. सगळे एकाच क्षणीं बोलत नसतात, म्हणून थोड्या तारा पुरतात. लबाडी शोधावयाचीच, तर जाहिरातींतील 'पर्यंत' ह्या बारीक अक्षरांत शोधावी.

आणि नागपूरचा मे महिना! दिवसभर पंचेचाळीस अंशांचें ऊन. दिवे लागले, कीं सारें गांव कूलरपुढें. पूर्वीं दूरदर्शनचें एकच प्रक्षेपण साऱ्या शहराला पुरत असे. आतां तोच चेंडू प्रत्येक घराला निराळा पाठवावा लागतो.

आतां मातोश्री रविवारीं सकाळीं साडेसहाला बसतात. तिकडे शनिवारची रात्र असते, नातू पेंगुळलेला असतो. पण चित्र स्वच्छ येतें. गजर पुतण्यानेंच लावून दिला आहे. त्याची क्षमा मागावयाची मात्र आमच्याकडून अद्याप राहिलीच आहे.