चाकोरी

मराठीचा प्राध्यापक 'चाकोरी' या शब्दाला वर्षातून निदान पन्नास वेळा तरी नावे ठेवतो. 'चाकोरीबद्ध कथानक', 'चाकोरीबाहेरचा कवी', 'चाकोरी मोडणारी नायिका' ही वाक्ये मी गेली वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून इतक्या वेळा म्हटली आहेत की, चाकोरीविरुद्ध बोलण्याचीच माझी एक चाकोरी होऊन बसली आहे. या शब्दाचा मूळ अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली खाच. पण अर्थ ठाऊक असणे वेगळे आणि तो अंगाला लागणे वेगळे. मला तो लागला गेल्या माघात, कोकणच्या एका किनाऱ्यावर, घोटाभर वाळूत उभा असताना.

आम्ही राहतो बदलापूरजवळ बेलवलीला. पूर्वी इथे प्रवासी आपले दमलेले घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले अशी आख्यायिका आहे. आता घोडे गेले आणि लोकल आली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, फलाटावरची ठरलेली फरशी आणि शेजारी तीच ठरलेली माणसे. रुळांइतकी पक्की चाकोरी जगात दुसरी नसेल! त्यामुळे आमचे मेहुणे एके दिवशी कॅम्पर व्हॅन घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आमच्या आळीत एखादे विमान उतरावे तशी गर्दी जमली.

ही कॅम्पर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. जुन्या प्रवासी टेम्पोतली आसने काढून मेहुण्यांनी आत दोन बाकडी केली होती. रात्री तीच पलंग होत. एका कोपऱ्यात शेगडी, वर पाण्याची टाकी, मागे कपाट. "दाजी, सरकारनेसुद्धा 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. आता हॉटेलांचे दिवस संपले!" मेहुणे म्हणाले. मी धोरणाला मान दिला. सौभाग्यवतींनी शेगडीकडे पाहिले आणि सुट्टीतही स्वयंपाक चुकत नाही एवढेच अनुमान काढले. आमची अकरा वर्षांची कन्या मात्र तेव्हाच वरच्या बाकावर जाऊन झोपली होती.

कर्जत, खोपोली, पाली, माणगाव असे करीत आम्ही बागमांडल्याला पोचलो. तिथे फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि रत्नागिरी जिल्ह्यात शिरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात ते पाहायचे होते. हाताशी एक दुपार होती, म्हणून आम्ही वेळासच्या दक्षिणेला एका गावी गेलो. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. त्या गावाने आमची फजिती चारचौघांत केली नाही, तेव्हा मीही त्याला वर्तमानपत्री प्रसिद्धी देणार नाही.

सुरूच्या बनातून वाट थेट पुळणीवर उतरत होती. मेहुण्यांनी गाडी थांबवली नाही. कोरड्या वाळूचा पट्टा त्यांनी उताराच्या वेगात पार केला आणि गाडी ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर आली. वाचकहो, त्या क्षणी मी माझ्या मेहुण्यांना मनातल्या मनात शंभर गुण दिले. ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट होती. कणाकणांमधल्या ओलीने ती धरून ठेवलेली असते. डावीकडे माड, उजवीकडे समुद्र, पुढे मैलभर मोकळा किनारा! "चाकोरीबाहेर आलो की नाही दाजी?" मेहुणे ओरडले. मी काच खाली करून दोन ओळी सुचतात का ते पाहिले. तेवढ्यात परतायची वेळ झाली.

उतरलो त्याच वाटेने वर चढलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मेहुण्यांना थोडी पुढे दुसरी, मोकळी जागा दिसली. ओली वाळू संपली आणि कोरडी लागली. इंजिनाचा आवाज वाढला, गाडीचा वेग कमी झाला, आणि मग आवाजच तेवढा उरला. मेहुण्यांनी पाय आणखी दाबला. मागची चाके जागच्या जागी गरगरा फिरली, वाळूचे कारंजे उडाले आणि आमचे बिऱ्हाड हळूच खाली बसले, एखादी म्हैस डबक्यात बसावी तसे.

या गाडीच्या इंजिनाचे बळ मागच्या दोनच चाकांना मिळते. पुढची दोन नुसती पाहुणी. त्यातही दोन चाकांपैकी एक सैल वाळूत फिरू लागले की सगळे बळ तेच खाते आणि दुसरे उभे राहून बघते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही यंत्ररचना समजावून सांगावी लागत नाही! दुपारचे दोन वाजले होते. आणि कन्येने शांतपणे विचारले, "बाबा, मघाशी पाणी तिकडे होते ना?"

भरती लागली होती. मघाची आमची फरसबंदी एकेक हात बुडत होती. मेहुण्यांचा चेहरा उतरला. गाडीचे निम्मे हप्ते अजून फिटायचे होते, हे मला त्याच वेळी कळले. सौभाग्यवतींनी आधी मुलीला, मग अंथरुणे आणि शेवटी कुकर बाहेर काढला. मी गाडी ढकलू लागलो. साडेतीन टनांच्या गाडीला मराठीच्या प्राध्यापकाने ढकलण्याने काय होते, याचा अनुभव समुद्राने आणि मी दोघांनीही शांतपणे घेतला.

एवढ्यात बनातून एक वृद्ध गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, हातात कोयता. एस.टी.त तीस वर्षे चालक होतो असे त्यांनी मागाहून सांगितले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पहिले वाक्य उच्चारले, "आधी ते इंजिन बंद करा. चाक फिरवाल तेवढी आपलीच कबर खणाल."

"पण आजोबा, पाणी येतेय!"

"येऊ दे की. आज तिथी काय?"

आम्ही तिघे शिकलेले एकमेकांकडे पाहू लागलो. त्यांनीच सांगितले, "अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठाचे सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती. आणि अष्टमीला भांग असतो, उधाण नव्हे. पाणी इथवर यायचे नाही. अवसेला-पुनवेला आला असतात, तर गाडी मीठ लावून ठेवावी लागली असती."

त्यांच्या एका गुणाकाराने आमची छाती धडधडायची थांबली. मग ते मेहुण्यांना म्हणाले, "आता थोडी हवा सोडा."

मेहुण्यांना वाटले टोमणा आहे. पण तो सल्लाच होता. टायरांत 60 पौंड हवा होती. ती चारही चाकांत 25 वर आणली. टगळ झालेले टायर वाळूवर पसरले. ताठ चाक टाचेसारखे रुतते, सैल चाक उंटाच्या पावलासारखे भार वाटून घेते. पाण्याची टाकी रिकामी केली. ताटे घेऊन आम्ही चाकांमागची वाळू उकरली आणि उतरती सपाटी केली. आजोबांनी आणलेल्या माडाच्या झावळ्या तिच्यावर अंथरल्या.

"आता पुढे नाही, मागे घ्या. आला त्याच चाकोरीतून. तिथली वाळू तुमच्याच चाकांनी दाबून घट्ट केलीय. हळू, आणि ब्रेक लावायचा नाही."

गाडी कुरकुरली, झावळ्यांवर चढली आणि आपल्याच खुणांवरून मागे सरकत ओल्या पट्ट्यावर आली. तिथून उरल्या चिंचोळ्या किनाऱ्यावरून आम्ही पहिल्या वाटेशी गेलो. उतरतानाच्या दोन चाकोऱ्या जशाच्या तशा होत्या. त्यांत चाके बसवून मेहुण्यांनी एका दमात गाडी बनात नेली. वीस वर्षे मी जिला शिव्या घातल्या, त्या चाकोरीने आम्हांला तारले होते. तिथेच बॅटरीवरच्या पंपाने टायर पुन्हा भरले, कारण सैल टायर घेऊन डांबरी रस्त्यावर धावले तर ते तापून फाटतात. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आमच्या शेगडीवरचा घेतला आणि जाताना म्हणाले, "गाडी वरच ठेवत जा हो. खाली कासवीण येते."

ते वाक्य आमच्या कानांवरून गेले, मनात शिरले नाही.

पहाटे वेळासला होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन 2002 साली इथे कासवसंवर्धन सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री भरतीच्या रेषेवर, कोरड्या वाळूत, हात-दीड हात खोल खळगा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. गावचे कार्यकर्ते भल्या पहाटे किनारा चालून तिचा माग काढतात आणि अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. माग कसा ओळखता, असे मी एका तरुणाला विचारले. तो म्हणाला, "टायरची चाकोरी असते ना सर, तशीच दिसते वाळूत."

मग पिल्ले सोडली. बोटभर लांबीचे काळे जीव! आम्हांला दोरीच्या मागे उभे केले होते. एक पिल्लू सरळ निघाले आणि कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडले. पाऊल ते केवढे! पण त्याला ती विहीर होती. ते कडेवर चढे, वाळू ढासळे, ते उलटे होई, पुन्हा चढे. समुद्र वीस पावलांवर होता. सगळे श्वास रोखून उभे होते. कन्येने माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारले, "बाबा, आपली गाडी रुतली तिथे केवढे खड्डे आहेत?"

मला उत्तर देता आले नाही. आम्ही रुतलो होतो तो कोरडा पट्टा म्हणजे कासविणीचे बाळंतघरच. भरतीने खालचा माग पुसला असेल. वरचा पुसायला समुद्र उधाणाखेरीज येत नाही. आम्हांला तारणारी चाकोरी दुसऱ्या कुणाच्या वाटेत आडवी पडून होती. आणि आमच्या चाकांखाली काही नव्हतेच, हे कोणी सांगावे?

पिल्लू अखेर ठशातून निघाले. लाट आली आणि ते दिसेनासे झाले. मेहुणे काही बोलले नाहीत. मात्र गाडी बेलवलीच्या दिशेने वळण्याऐवजी दक्षिणेकडे वळली. या वेळी ती बनातच उभी राहिली. आम्ही चौघे अनवाणी खाली उतरलो आणि कालच्या त्याच ताटांनी दोन्ही वाटांच्या चाकोऱ्या भरू लागलो. ऊन चढत होते. काही वेळाने मागे चाहूल लागली. आजोबा आले होते. त्यांनी काही विचारले नाही. कोयता बाजूला ठेवला आणि एक फळी घेऊन तेही वाळू सारखी करू लागले.

सोमवारी मी नेहमीच्या फरशीवर उभा होतो. लोकल आली. वर्गात त्या दिवशी एक चाकोरीबाहेरची कविता शिकवायची होती. 'चाकोरी' हा शब्द आला आणि मी जरासा थांबलो. मुलांना वाटले, सर पुढचे वाक्य विसरले.