कुमारांचा श्वास

गणेशपुरीस उष्ण कुंडांच्या बाजूने सायंकाळी भजनाचे सूर आमच्या निवासापर्यंत येतात. ते निवले की आम्ही पुष्कळदा कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकत बसतो.

१९२४ साली बेळगावनजीक सुळेभावीस जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ बालवयातच ‘कुमार गंधर्व’ म्हणून गाजले. पुढे क्षयाने एक फुफ्फुस निकामी केले. १९४८ पासून देवासला वास्तव्य आणि गाण्यास सक्त मनाई! अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातील स्त्रियांची लोकगीते कानांत साठवली. त्यांतून ‘लगनगांधार’सारखे धुनउगम राग उपजले, गाण्यात आखूड, अकस्मात उसळणारी स्वरवाक्ये आली. याचे श्रेय केवळ आजारास देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. फुफ्फुस पुष्कळांचे जाते, लगनगांधार कोणास सुचत नाही.

घराण्यांच्या अभिमान्यांनी अर्थातच नाके मुरडली. स्पेनमधील फ्लामेंको गायक कामारोन दे ला इस्ला यांनी १९७९ च्या ध्वनिमुद्रिकेत विद्युत् गिटार आणली, तेव्हा तेथेही असाच रोष उसळला. दोघेही १९९२ साली निवर्तले.

आमच्या गायकवृंदातील ज्येष्ठांस ढोलकीवरची गीते अद्याप रुचत नाहीत. त्यांचा जिव्हाळा आम्ही हलका मानत नाही. परंतु कुमारांनीही ग्वाल्हेरच्या जुन्या बंदिशी टाकल्या नव्हत्या. आपल्या श्वासात बसतील तशा त्या ते अखेरपर्यंत गात राहिले.