बिनतारी लघु-गुरू

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसासाठी, आणि आगगाडीच्या मागोमाग, रुळांच्या कडेने उभ्या केलेल्या खांबांवरून, तार आली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांवरून पुढे गेलेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० च्या मार्च महिन्यात जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, त्या समारंभासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. त्याच वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेने मुंबई व इंग्लंड ही जोडली गेली. ज्या बातमीला आगबोटीने कित्येक आठवडे लागत, ती आता तासांच्या हिशेबात येऊ लागली. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव उतरला, तर त्याची झळ वऱ्हाडातील अडत्याला आणि त्याच्यामार्फत शेतकऱ्याला लवकरच लागावी, अशी ही नवलाई होती. तिचा लाभ कोणाला अधिक झाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. परंतु काळ्या मातीतील माणसाचे सुखदुःख दूरच्या एका टकटकीशी बांधले गेले, एवढे खरे.

त्या टकटकीला लोक ‘कट्ट-कडकट्ट’ म्हणत. तारमास्तर पितळी कळीवर बोट ठेवी आणि लहान व लांब ठोक्यांतून अक्षरे घडवी. घरोघरी मात्र तारेचे नाव निघाले, की काळजात धस्स होई. दारी तारवाला दिसला, की पाकीट फोडण्यापूर्वीच बायाबापड्या डोळ्यांना पदर लावीत, कारण सुखाची बातमी पत्राने येई आणि दुःखाची तारेने, असा बहुतेकांचा अनुभव होता. शब्दाशब्दाला पैसे मोजावे लागत असल्याने शोक करायलाही चार-पाच शब्दांवर जागा मिळत नसे. १९४९ साली देवनागरी लिपीतून तारा पाठविण्याची सोय झाली. पुढे यंत्रे बदलली, दूरध्वनी खेडोपाडी गेला, आणि १४ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवा कायमची थांबली.

तार गेली, पण तिची भाषा गेली नाही. ती जिवंत ठेवली आहे एका हौशी मंडळीने. कसलाही मोबदला न घेता, केवळ छंद म्हणून, स्वतःच्या बिनतारी यंत्रावरून देशोदेशींच्या अनोळखी माणसांशी संवाद साधणारे हे लोक. त्यांना ‘हॅम’ असे म्हणतात. हा छंद मात्र पतंग उडविण्यासारखा मनमानीचा नाही. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मग परवाना मिळतो आणि त्यासोबत स्वतःचे असे एक सांकेतिक नाव. भारतातील अशी नावे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या लहरींवरून व्यापाराची बोलणी करावयाची नाहीत, असा दंडक आहे. आणि परीक्षेला बसण्यासाठी वयाची अट आहे ती अवघ्या बारा वर्षांची! सातवीतल्या मुलाला किंवा मुलीला जपानच्या एखाद्या आजोबांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार देणारे परवाने जगात फार नसतील.

या भाषेचा जनक सॅम्युएल मोर्स हा अमेरिकन गृहस्थ पेशाने चित्रकार होता. २४ मे १८४४ रोजी त्याने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला गाजलेला संदेश धाडला. त्याच्या लिपीत दोनच खुणा, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. कोणत्या अक्षराला लहान खूण द्यावी हे ठरविताना छापखान्यातील खिळ्यांच्या पेट्या पाहिल्या गेल्या, असे सांगतात. ज्या अक्षराचे खिळे अधिक, ते अक्षर भाषेत वारंवार येणारे. म्हणून त्याला थोडक्यात उरकावे. इंग्रजी ‘ई’ ला एकच ऱ्हस्व ठोका आहे आणि ‘टी’ ला एकच दीर्घ, ते यामुळे. मराठीसाठी अशी लिपी नव्याने रचावयाची झाली, तर तो मानाचा एकुलता ऱ्हस्व ठोका कोणत्या अक्षराला द्यावा? पाठ्यपुस्तकाचे एखादे पान घेऊन अक्षरे मोजून पाहण्याजोगा हा प्रश्न आहे.

मोर्स शिकण्याची सर्वांत वाईट रीत म्हणजे टिंबे आणि रेघा यांचा तक्ता भिंतीवर टांगून तो घोकणे. तक्ता डोळ्यांनी वाचायचा असतो. संदेश कानांनी यायचा असतो. कानाने पडलेला ठोका आधी डोळ्यांपुढे आणावयाचा, मग तक्त्यात शोधावयाचा, तोवर पुढली चार अक्षरे निघून गेलेली असतात! म्हणून जाणते शिक्षक ‘टिंब’ आणि ‘रेघ’ हे शब्दच टाळतात. ते ऱ्हस्वाला ‘दि’ म्हणतात, दीर्घाला ‘दा’ म्हणतात आणि अक्षर एखाद्या गाण्याच्या तुकड्याप्रमाणे अखंड ऐकवितात.

आणि मराठी मुलांना तर ही विद्या निम्मी आधीच आलेली असते. दि म्हणजे लघु, दा म्हणजे गुरू. मग राहिले काय? वृत्तांचा अभ्यास करताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करावे लागते. तीन-तीन अक्षरांचे आठ गण त्यात गुंफले आहेत. मोर्सच्या लिपीतही तीन ठोक्यांची अक्षरे बरोबर आठच आहेत, कारण दोन खुणांच्या तीन-तीनच्या जुळण्या आठांहून अधिक होतच नाहीत. य-गण, लघु-गुरू-गुरू, म्हणजे ‘डब्ल्यू’. त-गण म्हणजे ‘जी’. भ-गण म्हणजे ‘डी’ आणि स-गण म्हणजे ‘यू’. ज-गण, लघु-गुरू-लघु, म्हणजे ‘आर’. बिनतारीच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘पोहोचले’. र-गण, गुरू-लघु-गुरू, म्हणजे ‘के’; त्याचा अर्थ ‘आता तुम्ही बोला’. न-गणाचे तीन लघु म्हणजे ‘एस’ आणि म-गणाचे तीन गुरू म्हणजे ‘ओ’.

बुडत्या जहाजाची जी आर्त हाक सर्व जगाला ठाऊक आहे, ती ‘एसओएस’. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत ती मान्य झाली. तिचे गण पाडून पाहावेत. न-गण, म-गण, न-गण. म्हणजे ‘नमन’! हा निव्वळ योगायोग आहे. परंतु एकदा ध्यानात आला, की ती हाक जन्मभर विसरता येत नाही. दोहोंत एक भेद मात्र सांभाळावा लागतो. वृत्तात गुरूच्या मात्रा दोन, इथे दीर्घ ठोका लघूच्या तिप्पट लांब. गती मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हे इंग्रजी नाव मापाचा शब्द म्हणून घेतात. ठोके आणि त्यांमधील विराम धरून त्याच्या बरोबर पन्नास मात्रा भरतात. असे आठ शब्द मिनिटाला घेता-देता आले, म्हणजे शिकाऊपणा सरला म्हणावयाचे.

सरावाला मोठ्या यंत्राची गरज नाही. लाकडी फळीचा तुकडा, करवतीचे जुने पाते, दोन स्क्रू, एक सेल आणि एक लहानसा बझर, एवढ्यावर कळ तयार होते. पाते दाबले की ते स्क्रूला टेकते आणि नाद निघतो. दोन घरांमधील भिंतीपलीकडे तार नेली, की दोन मित्रांचे तारघर सुरू.

खरे केंद्र उभारताना मात्र हाताला डाग पडतात. ज्याला आपले यंत्र दुरुस्त करता येत नाही, त्याला हौशी म्हणवून घेण्यात फारसा स्वाद नाही. यंत्र मुके झाले, की नवखा माणूस सर्वांत अवघड कारण आधी शोधतो. मुरलेला माणूस आधी बॅटरी पाहतो, मग वायरीचे टोक हलवून पाहतो, मग कच्चा राहिलेला डाग शोधतो. झाळकाम करताना कथील नीट वितळले नाही, तर जोड वरून जुळलेला दिसतो आणि आतून तुटलेला असतो. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, तापलेली सोल्डरिंगची कांब हाती धरून असा एक जोड हुडकणे ही तपश्चर्याच होय. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तर बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. म्हणून जुने जाणते लोक एक हात खिशात घालून काम करीत, म्हणजे धक्का बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जावयाची नाही.

एरियल म्हणजे तांब्याची साधी तार. ४० मीटर लांबीच्या लहरींसाठी तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे २० मीटर तार दोन कडुलिंबांच्या मध्ये ताणली, की काम भागते. मृगाचे ढग मात्र दिसू लागताच ही तार यंत्रापासून सोडवून ठेवावी लागते. पहिल्या पावसातील वीज कोणाचा परवाना पाहत नाही.

या हौशींचे नुसते मनोरंजन होते असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून गावे नुकती झोपली असता, किल्लारीला भूकंप झाला. त्या उद्ध्वस्त मुलखात हौशी आपली यंत्रे घेऊन पोहोचले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या अंदमानात पोर्ट ब्लेअरला खास परवानगीने केंद्र थाटून जगभरच्या हौशींशी बोलत होत्या. २६ तारखेच्या सकाळी धरणी हादरली, पाठोपाठ समुद्र चालून आला, नेहमीचे दूरध्वनी मुके झाले. गप्पांसाठी मांडलेले केंद्र त्या क्षणापासून आपत्तीचे केंद्र झाले. त्यांचे सहकारी यंत्र घेऊन कार निकोबारला गेले, आणि कोण जिवंत आहे, कोण सापडलेले नाही, ही विचारपूस लहरींवरून सुरू झाली. त्या दिवसांत मुख्य भूमीवर निरोपाची वाट पाहणाऱ्यांना एकेका नावाचे मोल केवढे वाटले असेल!

२००३ साली जागतिक परिषदेने परवान्यासाठी मोर्स येण्याची सक्ती काढून टाकली, ती ठेवावी की नाही हे प्रत्येक देशावर सोपविले. तरी शिकणारे शिकतातच. माणसाचा आवाज खरखरीत बुडून जातो, तेथे हा बारीक नाद तरून जातो. पाच वॅट शक्तीवर, म्हणजे एखाद्या लहान दिव्याइतक्या विजेवर, तो समुद्रापार ऐकू येतो.

त्याचे जाणे-येणेही मोठे विलक्षण. दुपारी अमरावतीहून ४० मीटरच्या लहरींवर साद घातली, तर शंभर किलोमीटरवरच्या अकोल्यात ती बहुधा सहज ऐकू येते. रात्री तोच अकोला मुका होतो आणि कोलकाता बोलू लागते! आकाशात उंचावर विद्युत्भारित वायूचे थर आहेत. लहरी त्यांवर आपटून पुन्हा पृथ्वीकडे वळतात. दिवसा थर दाट असल्याने जवळजवळ सरळ वर गेलेली लहरही परत येते. रात्री तो विरळ झाला, की सरळ वर गेलेली लहर त्याला भेदून निघून जाते. तिरपी गेलेली तेवढी परतते, आणि ती शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. मधला मुलूख मुका राहतो.

म्हणून खरा हौशी रात्री जागा असतो. गावातले दिवे मालवलेले असतात, कुठे दूर बडनेऱ्याच्या बाजूला मालगाडीची शिटी होते. कानांवर श्रवणयंत्र चढवून तो चकती अगदी केसाकेसाने फिरवितो. खरखर, पुन्हा खरखर, मग त्या गोंगाटातून एक क्षीण, नेमका नाद वर येतो. कोणीतरी कुठून तरी आपले नाव सांगत असतो. वहीत वेळ लिहिली जाते, लहरीची लांबी लिहिली जाते, नावाची अक्षरे एकेक करून उमटतात. मग पलीकडचा माणूस थांबतो आणि शेवटचा गण वाजवितो. गुरू-लघु-गुरू. आता तुम्ही बोला.